चुन्याच्या पाण्यातला मका

रात्री ओटा आवरून झाला की मी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात मका शिजायला लावते. अर्धा किलो पांढरा, वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि त्यात कालवलेला खायचा चुना. पाणी तापायला लागलं की स्वयंपाकघरात एक वास पसरतो. चुना मारलेल्या भिंतीवर पहिला पाऊस पडावा तसा. थोड्या वेळानं त्यात मक्याचा गोडसर वास मिसळतो आणि पांढरे दाणे हळूहळू हस्तिदंती पिवळे दिसू लागतात. चाळीसेक मिनिटांनी गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं आणि झोपायला जायचं. उरलेलं काम रात्रभर चुना करतो. ही रीत मेक्सिकोची.

आमच्या घरात बरीच वर्षं 'मेक्सिकन' म्हणजे मुलांच्या वाढदिवसाचा बेत होता. पाकिटातली कुरकुरीत टाको शेल, त्यात टोमॅटो सॉसमधला राजमा, वरून भरपूर चीज. मुलं खूश असायची आणि मलाही ते सोपं पडायचं. त्या पदार्थांना मी नावं ठेवत नाही, त्यांचाही इतिहास आहे. नाचोजचंच घ्या. 1943 साली पिएद्रास नेग्रास या मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं हाताशी होतं त्यातून ते केले आणि त्याच्या 'नाचो' या लाडक्या नावानं ते जगभर गेले. सरहद्दीच्या अल्याड-पल्याडचं ते खाणं. पण तेवढ्यावरून मेक्सिकोचा स्वयंपाक कळला म्हणणं म्हणजे पावभाजी खाऊन महाराष्ट्राचा स्वयंपाक कळला म्हणण्यासारखं आहे. हे मला कळलं ते फ्रेझ्नोला.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं हे शहर. आजूबाजूला मैलोन् मैल द्राक्षबागा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे तीन वर्षं होतो. शेजारी राहणारी बाई वाहाकाची, म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या डोंगराळ राज्याची. साठी ओलांडलेली होती, तरी बेदाण्याच्या हंगामात कामाला जायची. सप्टेंबरात द्राक्षांचे घड वेलींच्या रांगांमध्ये कागदावर पसरून उन्हात वाळवतात. दिवसभर वाकून ते काम करून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा तिच्या ओढणीवर धुळीचा थर असायचा. मी मूळची साताऱ्याकडची. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या होत्या, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. मी तिला 'सेन्योरा' म्हणायची, ती मला 'मिहा' म्हणायची. मिहा म्हणजे पोरी. तिची मायबोली मिश्तेक, स्पॅनिश तिला लग्नानंतर नीट यायला लागलं, इंग्रजी कामापुरतं. माझं स्पॅनिश वीस-पंचवीस शब्दांचं. आमचं बोलणं जास्त करून हातांनी व्हायचं, आणि स्वयंपाकाला तेवढं पुरतं.

एका रविवारी तिनं मला तिच्या ओट्याशी उभं केलं आणि रात्री चुन्यात शिजवून ठेवलेल्या मक्यात हात घालायला लावला. पाणी गढूळ, पिवळट, बोटांना बुळबुळीत लागणारं. त्या पाण्याला तिकडे नेहायोते म्हणतात आणि अशा मक्याला निश्तामाल. मेक्सिकोतल्या जुन्या ॲझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द आहे. नेश्त्ली म्हणजे राख किंवा चुना, तामाल्ली म्हणजे मक्याच्या पिठाचं उकडलेलं. तिनं एक दाणा उचलून अंगठा आणि तर्जनीत दाबला. साल सरळ सुटून आलं, जसं भिजवलेल्या बदामाचं येतं. मग तोच दाणा दातानं अर्धा तोडून मला आतला भाग दाखवला. मधोमध एक खडूसारखा पांढरा ठिपका राहिलेला होता. 'असंच पाहिजे,' तिनं मान हलवून सांगितलं. ठिपका मोठा असेल तर मका कच्चा, अजिबातच नसेल तर जास्त शिजलेला, मग टॉर्टिया, म्हणजे त्यांची मक्याची पातळ भाकरी, चिकट होणार. आजही मी मोबाइलवर वेळ लावते खरी, पण विश्वास ठेवते त्या ठिपक्यावर.

मका दोन-तीन पाण्यांतून धुतला, सालं बरीचशी निघून गेली. मग तो वाटायचा. तिच्या आईकडे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा तीन पायांचा मेताते होता, आपल्या पाट्यासारखाच, पण पुढे उतरता. वरवंट्याला तिकडे 'मानो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये हात. बाई गुडघ्यावर बसायची आणि घरातल्या सगळ्यांसाठी रोज काही तास वाटायची. पहाटे उठून. यंत्राच्या गिरण्या गावोगावी पोचल्या त्या विसाव्या शतकात, तोवर हेच चाललं. ती सांगत होती आणि मला आमच्या सोप्यातलं जातं आठवत होतं, त्याच्या खुंट्याला आजीच्या हातानं आलेली तुळतुळीत झिलई.

वाटलेल्या गोळ्याला स्पॅनिशमध्ये 'मासा' म्हणतात. मराठीत तो शब्द घोटाळा करतो, म्हणून मी आपलं पीठच म्हणेन. पण पीठ तरी कसं म्हणायचं? हाताला ते उकडीसारखं लागतं, मऊ आणि ओलसर, दाबलं तर कडांना चिरा न जाणारं. मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी जिनं थापली असेल तिला यातला चमत्कार कळेल. ते पीठ धरत नाही, थापताना कडा फाटतात, म्हणून आपण उकळतं पाणी घालतो, उकड काढतो. चुना हेच काम वेगळ्या वाटेनं करतो. दाण्याच्या सालीतला आणि पेशींच्या भिंतींतला चिवट भाग तो विरघळवतो, त्याचा डिंकासारखा चिकटपणा येतो आणि पीठ एकजीव होतं. म्हणून गव्हाचा कण न घालता मक्याची इतकी पातळ, घडी घालता येणारी टॉर्टिया होते.

त्या दिवशी मी पंधरा टॉर्टिया खाल्ल्या असतील. सोबत नुसतं मीठ आणि खलबत्त्यातली साल्सा. टोमॅटो, लसूण, मिरची तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजून दगडात वाटलेली. खलबत्त्याला ते मोल्काहेते म्हणतात. पहिला घास घेतला आणि मी ठेचा हा शब्द मोठ्यानं म्हणाले. तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

तिकडून आल्यावर मी या चुन्याबद्दल जे सापडेल ते वाचत गेले आणि एक गोष्ट मनात रुतून बसली, ती अजून निघालेली नाही. मका माणसानं मेक्सिकोत घडवला. बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, तेओसिंते नावाच्या गवतापासून. त्या गवताच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या टणक कवचातले. पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत लोकांनी त्याचं कणीस केलं, आणि कधीतरी त्याला चुन्यात शिजवायची रीतही शोधली. मग स्पॅनिश आले. त्यांनी बी जहाजात भरून नेलं. मका बघता बघता युरोपात, आफ्रिकेत, आशियात पसरला. पण चुना मागेच राहिला. ज्या बायका गुडघ्यावर बसून मका वाटत होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही की बायांनो, तुम्ही यात पांढरं काय कालवता आणि का.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. 1735 साली गास्पार कासाल या वैद्यानं उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या शेतकऱ्यांत एक रोग पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट खपल्या, जुलाब, पुढे पुढे बुद्धिभ्रम. हे लोक जवळजवळ फक्त मक्यावर जगत होते. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं, म्हणजे खरबरीत कातडी. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो इतका पसरला की 1914 साली जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला सरकारनं त्यावर नेमलं. हा संसर्ग नाही, हा निकस जेवणाचा रोग आहे, हे लोकांना पटवून देण्यात त्यांची वर्षं गेली. नेमकं उत्तर मिळालं 1937 मध्ये: नायासिन हे जीवनसत्त्व. मक्यात ते असतं, पण बांधलेल्या अवस्थेत, शरीराला न मिळणारं. चुन्यात शिजवलं की सुटं होतं. मेक्सिकोतल्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या रोज रात्री तेच करत आल्या होत्या.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. पेलाग्रा दख्खनमध्येही होता, ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरीब माणसांत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीत जास्त असलेल्या ल्युसिन या घटकाशी त्याचा संबंध असावा, असं 1960 मध्ये मांडलं. हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन करून विचारलं, दुष्काळात तुम्ही काय खायचा? ती म्हणाली, 'भाकरी आणि मिरची. दुसरं काय असायचं?'

पुण्यात परत आल्यावर सगळं नव्यानं जमवावं लागलं. चुना सगळ्यात सोपा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळाला. आपल्याकडे चुन्याच्या निवळीत कोहळ्याच्या फोडी ठेवतात, पेठ्यासाठी, तोच हा चुना. अर्धा किलो मक्याला कोरडा चुना साधारण पाच ग्रॅम पुरतो, ओला असेल तर दोन लहान चमचे. मात्र पातेलं ॲल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. मका मिळवणं अवघड होतं. स्वीट कॉर्न इथे काही कामाचं नाही, त्यात साखर जास्त आणि पिष्ट कमी. भुसारवाल्याकडचा पिवळा संकरित मका आणला, तो शिजला, पण वाटताना मिक्सरला पाणी जास्त लागलं आणि पीठ सैल पडलं. दुसऱ्यांदा इडलीच्या दगडी ग्राइंडरमध्ये थोडा थोडा मका घालून वाटला तेव्हा कुठे गोळा जमला. मग नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं धडगावच्या बाजारातून पांढरा देशी मका आणून दिला. सातपुड्यातले पावरा लोक त्याची भाकरी करतात. लहान कणसं, टपोरे पांढरे दाणे. तो मका चुन्यात शिजला आणि घरात फ्रेझ्नोचा वास आला. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले.

मेक्सिकोत मक्याचे 59 देशी वंश मोजले गेलेत. निळा, लाल, काळा, पांढरा. कुठला कशासाठी हे तिकडच्या बायकांना पाठ असतं. 'मका नाही तर देश नाही' अशी घोषणा देत 2007 मध्ये तिथे मोठी मोहीम उभी राहिली. आपल्याकडे बराचसा मका कोंबड्यांच्या आणि गुरांच्या पोटात जातो, म्हणून वाण वजनासाठी निवडले जातात. चवीसाठी मका पेरणारी माणसं डोंगरातच उरली आहेत. तो मका मी आता मैत्रिणीकडून वर्षाचा भरून घेते, तिकडे पिकवणारी बाई सांगेल त्या भावानं.

टॉर्टियाबरोबर तिकडच्या घरात रोज असतात ते फ्रिहोलेस, मातीच्या मडक्यात कांदा घालून शिजवलेला घेवडा. मसाला नाही, फोडणी नाही. त्यासाठी मला परदेशी काही आणावं लागलं नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे ना. फिकट अंगावर लालसर पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि कुळानं मेक्सिकोच्या घेवड्याचाच भाऊ. तो रात्रभर भिजवून, अख्खा कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या टाकून मंद आचेवर दोन तास शिजवते, मीठ शेवटी. त्याचा रस्साच इतका दाट आणि गोड होतो की घरात कोणी गोडा मसाला मागत नाही. आईसुद्धा नाही, आणि ती घेवड्याला गोडा मसाला न घालणाऱ्यातली नव्हे.

सणावाराला मात्र मोले. सेन्योराकडे मी शिकले तो कोलोरादितो, वाहाकाचा तांबडा मोले. मोल्ली म्हणजे नाहुआत्लमध्ये वाटण, आणि खरोखर ते वाटणच आहे. आन्चो आणि ग्वाहियो या दोन सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, बेदाणे, दालचिनी, लवंग, ओरेगानो, भाजलेला टोमॅटो, तळलेला पावाचा तुकडा, शेवटी थोडं चॉकलेट. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा किंवा तळायचा. याबाबतीत ती फार कडक होती. मिरच्यांची देठं आणि बिया काढायच्या, कात्रीनं उभ्या चिरून चपट्या करायच्या, तव्यावर टाकून उलथन्यानं दाबायच्या. पाच-सहा सेकंदांत त्यांचा रंग पालटतो, तंबाखू आणि मनुकांच्या मधला कसला तरी वास येतो, आणि त्याच क्षणी उलटायच्या. एक सेकंद उशीर झाला तर सगळा मोले कडू. माझी एक मिरची करपली तर तिनं ती एकटी नाही, तिच्याबरोबरच्या चारही कचऱ्यात टाकल्या आणि मला दुसऱ्या दिल्या, शांतपणे, एक शब्द न बोलता.

इथे ग्वाहियोच्या जागी मी ब्याडगी वापरते. रंग मिळतो, तिखटपणाही साधारण तेवढाच. आन्चोचा गोडवा मात्र ब्याडगीत नाही, म्हणून काळ्या मनुका थोड्या जास्त. भिजवलेल्या मिरच्या आणि बाकीचं सगळं गुळगुळीत वाटून गाळायचं, मग गरम तुपात किंवा तेलात ओतायचं आणि तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं. हे वाक्य कोल्हापूर-सातारकडच्या कुठल्याही घरात जसंच्या तसं ऐकू येईल. त्यात नवल नाही. मिरची आपल्याकडे तिथूनच आली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून, सोळाव्या शतकात. त्या आधी आपला तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. आणि जे त्यांच्या मोल्यात दालचिनी, लवंग, तीळ म्हणून पडतं, ते आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलं. तिच्या पातेल्यात अर्धं आमचं होतं, माझ्या पातेल्यात अर्धं तिचं आहे. कोणी दिलं-घेतलं तेव्हा त्या बायकांना एकमेकींची तोंडं दिसली नाहीत, एवढंच वाईट वाटतं.

मोल्यावरून आठवलं, तिनं मला एकदा आलेग्रियाची वडी दिली. आलेग्रिया म्हणजे आनंद. तोंडात टाकली तर राजगिऱ्याची चिक्की! ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात घायपाताचा गोड रस कालवून देवाच्या मूर्ती करायचे आणि सणाच्या शेवटी त्यांचे तुकडे सगळ्यांना वाटायचे. स्पॅनिश पाद्र्यांना हे प्रसादासारखं खाणं खपलं नाही, ते त्यांनी बंद पाडलं. तोच राजगिरा आपल्याकडे उपवासाला चालतो. राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सगळं अमेरिका खंडातलं. आषाढीच्या माझ्या ताटात यातलं सगळं असतं आणि मी ते भक्तिभावानंच खाते. देवाच्या नावानं तो दाणा कुठेतरी अजून खाल्ला जातोय, याचं मला मनापासून समाधान आहे.

काही गोष्टी इथे जमत नाहीत. तोमातियो, म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं आंबट हिरवं फळ, मिळत नाही, मी कच्चे हिरवे टोमॅटो आणि लिंबू वापरते, ते वेगळंच काहीतरी होतं, पण छान होतं. घेवड्यात घालायचा एपासोतेचा उग्र वासाचा पाला नाही, तर नाही. पोळीत भाजी गुंडाळून त्याला बरितो म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही, मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडे, गव्हाच्या पातळ टॉर्टिया पिढ्यान्‌पिढ्या होताहेत.

मागच्या दिवाळीनंतर आई राहायला आली. ब्याऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, हात अजून पक्के आहेत. मी पापडाच्या यंत्रात दुधाच्या पिशवीचे दोन कागद ठेवून टॉर्टिया दाबत होते. ती स्टुलावर बसून बघत होती. मग म्हणाली, 'यंत्र कशाला लागतंय, आण इकडं.' लिंबाएवढा गोळा घेतला, बोटांना पाणी लावलं आणि दोन तळव्यांमध्ये थापायला लागली. टप, टप, टप, फिरवत फिरवत. अगदी हाच आवाज मी फ्रेझ्नोत ऐकला होता. यंत्र बिघडलं होतं त्या दिवशी सेन्योरानं अशीच हातावर थापली होती, आणि तिची आई तर अशीच करायची म्हणे.

आईनं ती तव्यावर टाकली. कडा सुटल्या तशी मी उलटली, मिनिटभरानं पुन्हा उलटली आणि मधोमध बोटांनी हलकं दाबलं. टॉर्टिया टम्म फुगली. फडक्यात गुंडाळून थोडी मऊ होऊ दिली आणि तिच्या ताटात वाघ्या घेवड्याच्या रश्शाशेजारी ठेवली. तिनं तुकडा मोडला, नाकाशी नेला, खाल्ला. बराच वेळ काही बोलली नाही. दुसरी घेतली. तिसरी नुसती, मीठ लावून.

'चुना आहे होय यात,' ती म्हणाली. 'उद्याला किलोभर भिजत घाल. नानींनाही नेऊन देऊ चार.'